मंगळवारची पोटदुखी

चौथीतला मुलगा. पोट दुखते म्हणून आई त्याला घेऊन आली होती. महिन्याभरातली ही तिसरी खेप. बेंबीभोवती दुखते, उलटी नाही, ताप नाही, जुलाब नाही. हात लावून पाहिले तर पोट मऊ. वजन जरा कमी, पण घटलेले नव्हते. पहिल्या खेपेला मी जंताचे औषध दिले. दुसऱ्या खेपेला लघवी आणि संडास तपासून घेतली. तिसऱ्या खेपेला आईच म्हणाली, ‘‘डॉक्टर, एकदा सोनोग्राफी करून टाकू या का?’’ तीही केली. पोटातल्या गाठी किंचित मोठ्या आहेत, असा रिपोर्ट आला. या वयाच्या पुष्कळ धडधाकट मुलांतही असा रिपोर्ट येतो. मी टॉनिक लिहून दिले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मायलेक गेल्यावर आमच्या सिस्टर केसपेपर जागेवर ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘‘सर, याचं पोट मंगळवारीच दुखतं बघा.’’ तारखा काढून पाहिल्या. तिन्ही मंगळवार. आमच्याकडे मंगळवारी बाजारपेठ बंद असते आणि मुलाच्या वडिलांचे पेठेत दुकान आहे.

(पेशंटची ओळख पटू नये म्हणून मी वार, व्यवसाय आणि इतर तपशील बदलले आहेत. तेव्हा आपल्या जिल्ह्यात कुठल्या गावचा बाजार मंगळवारी बंद असतो, याचा शोध कृपया कोणी घेऊ नये.)

शाळकरी मुलांची वारंवार होणारी पोटदुखी ही डॉक्टरांची जुनी डोकेदुखी आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉल येथील बालरोगतज्ज्ञ जॉन ऍप्ले यांनी १९५८ साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर दहा मुलांमागे साधारण एकाला अशी पोटदुखी होती आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात कोणताही रोग नव्हता. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितका खरा आजार असण्याचा संभव जास्त, हा ऍप्ले यांचा ठोकताळा आम्ही विद्यार्थी असताना पाठ केला होता. मात्र, रोग नाही म्हणजे दुखणे खोटे, असे नव्हे. भीती वाटली की मोठ्या माणसाच्याही पोटात गोळा येतो. मुलाचे पोट तर खरोखरच दुखते. ते सोंग करत नसते.

रात्री पोट दुखून मूल झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, संडासवाटे रक्त जात असेल, हिरवी उलटी होत असेल, किंवा उजव्या कुशीला खाली दुखत असेल, तर मात्र मनाच्या कारणांचा विचार बाजूला ठेवून आधी नीट तपासण्या करून घ्याव्यात. यातले काहीच नसेल, तर एक प्रश्न विचारायला हवा, आणि आम्ही डॉक्टर तो सहसा विचारत नाही. घरी काय चालले आहे?

मुलाने काय सांगितले

चौथ्या खेपेला, अर्थात मंगळवारीच, मी आईला बाहेर औषधे घ्यायला पाठवले. सिस्टरांना मुद्दाम थांबवून घेतले आणि मुलाला वजनकाट्यावर उभे केले. शाळेविषयी, मित्रांविषयी थोडे बोलून झाल्यावर विचारले, ‘‘बाळा, मंगळवारी घरी काय असतं रे?’’

‘‘बाबा असतात.’’

‘‘मग?’’

तो काट्याकडे बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘मी घरी असलो की ते आईला कमी मारतात.’’

नऊ वर्षांचे पोर आईला राखण्यासाठी शाळा बुडवत होते, आणि शाळा बुडवायची तर पोट दुखावे लागते. रात्री झोपताना तो दाराच्या बाजूला झोपतो, हेही त्याने सांगितले. मग त्याने विचारले, ‘‘काका, तुम्ही बाबांना सांगाल?’’

या प्रश्नाला ‘कुणालाही सांगणार नाही’ असे उत्तर देणे सोपे असते. ते देऊ नये. उद्या सांगावे लागलेच, तर ज्या एका मोठ्या माणसावर त्याने विश्वास ठेवला, तोही खोटा ठरतो. मी म्हणालो, ‘‘बाबांना नाही सांगणार. पण आईला आणि तुला सुखरूप ठेवायला कुणाची मदत लागली, तर ती मागेन. तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही.’’

तो काही बोलला नाही. काट्यावरून खाली उतरला.

आता माझी अडचण ऐका. मुलाचे वडील माझे जुने पेशंट. ब्लडप्रेशरच्या गोळ्या माझ्याकडूनच घेत. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. गणपतीत मंडळाचा हिशेब त्यांच्याकडे, कारण तो पैचाही चुकत नाही. बायकोला मारणारा म्हणजे दारूडा, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. दारूने मार वाढतो, पण न पिणारे हातही उठतात आणि अशा घरांबद्दल तर कुणाला शंकाही येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, लग्न झालेल्या वा होऊन गेलेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. म्हणजे माझ्या बाकावर बसणाऱ्या स्त्रियांमध्ये अशा किती असतील, याचा हिशेब मला करता यायला हवा होता.

सांगायचे की नाही, आणि सांगायचे तर कुणाला?

एक जुनी चूक

या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी एकदा दिले आहे. प्रॅक्टिस सुरू करून चार-पाच वर्षे झाली होती. एका बाईच्या पाठीवर वळ दिसले. तिची धाकटी मुलगी मोठी होऊनही अंथरूण ओले करू लागली होती. मी तरुण होतो, डोके गरम होते. नवऱ्याला दवाखान्यात बोलावून घेतले, दार लावले आणि चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी पाया पडला. मला वाटले, काम झाले.

ते कुटुंब पुन्हा माझ्या पायरीवर आले नाही. वर्षभराने त्यांच्या शेजारणीकडून कळले. ‘डॉक्टरला काय सांगितलंस?’ म्हणून त्याच रात्री तिला बेदम मारले होते. महिन्याभरात तिला माहेरी पाठवून दिले आणि मुली ठेवून घेतल्या. अंथरूण ओले करणारी मुलगी आता आईवाचून झोपत होती.

मारणाऱ्याला एकट्याला गाठून जाब विचारणे म्हणजे त्याला ‘घरातले बाहेर फुटले आहे’ ही बातमी देणे होय. माझ्या चांगुलपणाची किंमत त्या बाईने आणि त्या पोरीने भरली. हे मी कुणाला सांगितले नव्हते. आज लिहितो आहे.

कायदा काय सांगतो

पुष्कळ डॉक्टरांचा, शिक्षकांचा आणि समुपदेशकांचा येथे गोंधळ होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल किंवा होण्याची भीती असेल, तर पर्याय उरत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ज्याला हे कळले त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे, मग तो डॉक्टर असो, शिक्षक असो वा शेजारी. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तेथे घरच्यांची परवानगी, घराण्याची अब्रू वगैरे काही चालत नाही.

मूल मार खात नाही, पण आईला मार खाताना पाहते, ऐकते, तेव्हा असा एकही कायदा बोट दाखवून ‘कळवलेच पाहिजे’ म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे अशी हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होईल असे वाटणारा कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो. ‘देऊ शकतो’ हे शब्द महत्त्वाचे. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, असेही तेथेच म्हटले आहे. या कायद्याखाली सरकारने जाहीर केलेल्या रुग्णालयांना उपचार नाकारता येत नाहीत आणि आधी अहवाल झाला नसेल, तर तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो. माझ्यासारख्या दोन खोल्यांच्या दवाखान्याला ते बंधन नाही.

मुलाला स्वतःलाच घरातल्या माणसाने इजा केली वा छळले, तर २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना होतील असे वागवले, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. अशा मुलाला बाल कल्याण समितीसमोर नेता येते, आणि नेणाऱ्यांच्या यादीत डॉक्टरचा व नर्सचा स्पष्ट उल्लेख आहे.

राहिला पेशंटच्या गुपिताचा प्रश्न. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे पेशंटचे गुपित फोडता येत नाही, पण एखाद्या ठरावीक व्यक्तीला गंभीर धोका असेल, तर तो अपवाद आहे. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यातही दुसऱ्या कुणाला इजा वा हिंसा होऊ नये म्हणून गरजेपुरती माहिती देण्याची मुभा आहे. ‘गरजेपुरती’ हा शब्द मी अधोरेखित करतो. धोका सांगायचा म्हणून त्या बाईच्या बाळंतपणापासूनचा सगळा इतिहास सांगत सुटायचे नसते.

तात्पर्य असे की, पोक्सो सोडला तर निर्णय आमच्यावर येऊन पडतो. काही जणांना ही पळवाट वाटते. मला ती जबाबदारी वाटते, आणि ‘बंधन नाही ना, मग कशाला भानगड’ म्हणणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंशी माझे येथे पटत नाही.

अमेरिकेने ठेच खाल्ली

मग सक्तीचाच कायदा का करू नये? वाचकांपैकी अनेकांच्या मनात हे आले असेल. अमेरिकेत मुलांच्या छळाची खबर देणे डॉक्टरांना सक्तीचे आहे. १९६२ साली हेन्री केम्प या बालरोगतज्ज्ञाने मारहाण झालेल्या मुलांवरचा गाजलेला लेख लिहिला आणि पाच-सहा वर्षांत तिथल्या सर्व राज्यांनी तसे कायदे केले. पुढे प्रश्न आला तो नुसत्या पाहणाऱ्या मुलांचा. मिनेसोटा राज्याने १९९९ साली, घरातली हिंसा मुलाच्या नजरेस पडणे म्हणजेच मुलाकडे दुर्लक्ष, अशी व्याख्या केली. कळवण्याचे इतके कागद येऊन पडले की बालसंरक्षण खात्याला ते निस्तरेनात. ज्यांना खरोखर तातडीची मदत हवी होती अशी मुले त्या ढिगाऱ्यात मागे पडण्याची वेळ आली. पुढच्याच वर्षी, २००० साली, ती तरतूद मागे घ्यावी लागली.

न्यूयॉर्कमध्ये याहून वाईट झाले. मार खाणाऱ्या आयांनी ‘मुलाला हिंसा पाहू दिली’ असे ठरवून सरकारी खाते मुले आयांपासून काढून घेऊ लागले. मार खायचा तिने आणि मुलाला गमवायचेही तिनेच. आया कोर्टात गेल्या. मुलाने आईला मारलेले पाहिले, एवढ्यावरून आईने दुर्लक्ष केले असे ठरवता येणार नाही, असा निकाल तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने २००४ साली दिला. तोवर एव्हाना किती मुले परक्या घरी झोपली असतील!

कळवणे हे औषध आहे. योग्य रोग्याला, योग्य वेळी आणि मात्रा पाहून ते दिले पाहिजे. सरसकट दिले तर विषबाधा होते, हे आम्ही डॉक्टरांनी तरी समजून घ्यायला हरकत नाही.

पण म्हणून नुसते पाहणाऱ्या मुलाला काही होत नाही, असे कृपया समजू नका. ‘पोरं झोपलेली असतात हो’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. ती झोपलेली नसतात. डोळे मिटून पडलेली असतात. तान्हे बाळसुद्धा आवाज चढला की दचकते, दूध पिईनासे होते. मोठी मुले चिकटी होतात, अंथरूण ओले करतात, अभ्यासात मागे पडतात, शाळेत मारामाऱ्या करतात किंवा एकदम शहाण्यासारखी गप्प होतात. या शेवटच्या मुलांचे सगळे कौतुक करतात, म्हणून ती सर्वांत उशिरा लक्षात येतात. सतत सावध राहणाऱ्या शरीरात ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात आणि त्यांचा परिणाम झोप, पचन, प्रतिकारशक्ती या सगळ्यांवर होतो. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात लहानपणच्या वाईट अनुभवांची यादी होती. तीत ‘आईला मारहाण होणे’ हाही एक अनुभव होता. असे अनुभव जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्य, व्यसने आणि हृदयविकारासारखे आजार यांचा धोका जास्त, असे त्यात आढळले.

आईशी बोलणे

जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशनाचे काम करणाऱ्या एका बाईंना मी फोन केला. नाव-गाव काही न सांगता हकिगत सांगितली. त्यांची एक रीत मला फार आवडली. पहिल्याच भेटीत, काही ऐकण्याआधी, त्या समोरच्याला सांगतात : तुमचे बोलणे माझ्यापाशी राहील, पण तुमच्या किंवा मुलाच्या जिवाला धोका दिसला, तर मी गप्प बसणार नाही, आणि बसणार नाही हे तुम्हाला आधी सांगेन. त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, मुलाला वाचवायचं तर आधी आईला विचारा. तिला बाजूला ठेवून मुलाचं भलं करता येत नाही.’’

पुढच्या वेळी रक्तदाब पाहायच्या निमित्ताने सिस्टरांनी आईला आतल्या खोलीत घेतले. मी विचारले, ‘‘ताई, पोटदुखीची पुष्कळ मुलं घरातल्या ताणामुळे आजारी पडतात, म्हणून मी आयांना हे विचारतो. घरी तुमच्यावर कुणी हात उचलतं का?’’

ती पटकन म्हणाली, ‘‘त्याने सांगितलं का?’’

‘‘त्याच्या दुखण्यानं सांगितलं,’’ मी म्हणालो. हे अर्धे खरे होते. पण घरी गेल्यावर मुलाची उलटतपासणी होऊ नये, एवढे मला पाहायचे होते.

मग ती बोलली. किती वर्षे, कशावरून, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. मी ठरवून काही प्रश्न विचारले, आणि ते माझ्या व्यवसायबंधूंनी लिहून ठेवावेत असे मला वाटते. कधी गळा दाबला का? सुरी, काठी, रॉकेल असे काही हातात घेतले का? जीव घेण्याची धमकी दिली का? मार अलीकडे वाढला आहे का? मुलाला लागले का? तुमच्या मनात स्वतःचे काही बरेवाईट करून घ्यायचे येते का? यांतले गळा दाबणे ही सर्वांत धोक्याची खूण. असे एकदाही झाले असेल तर थांबायचे नसते. त्या दिवशीच पावले उचलायची आणि ती काय, हे तिला सांगून उचलायची.

गळा दाबला नव्हता. हत्यार नव्हते. एकदा पट्टा होता. मुलगा मध्ये पडला तेव्हा त्याला ढकलले होते. कोपर खरचटले, बाकी काही नाही. आत्महत्येचे तिच्या मनात नव्हते. ‘‘याला कोण बघेल मग?’’ ती म्हणाली.

मी संरक्षण अधिकाऱ्याकडे कळवण्याचा विषय काढला, तेव्हा ती घाबरली. ‘‘पोलीस दारात आले तर हे मला घालवून देतील आणि मुलाला ठेवून घेतील. डॉक्टर, भाऊ येईपर्यंत थांबा. पंधरा दिवस.’’ न्यूयॉर्कच्या आया आणि आमच्या पेठेतली ही बाई, भीती तीच.

येथे मला ठरवायचे होते. मुलाला ढकलले, ही इजा म्हणायची का? आज कोपर, उद्या डोके. पण तिच्या मनाविरुद्ध कळवले आणि ती उद्या म्हणाली, ‘असे काही नाही, डॉक्टरांचा गैरसमज झाला,’ तर दारही बंद आणि तोंडही बंद. नाव न घेता मी तालुक्याच्या संरक्षण अधिकारी बाईंनाही विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘मी उद्या जाऊन येईन. पण मी जाऊन आल्यानंतरची रात्र तुम्ही विचारात घ्या.’’

मी आईला पंधरा नव्हे, आठ दिवस दिले. अट एकच. मुलाला पुन्हा हात लागला किंवा धमकी आली, तर मी वाट पाहणार नाही. निघायची वेळ आली तर कुणाकडे जायचे, ते तिने ठरवले. आधार कार्ड, मुलाचा जन्माचा दाखला आणि थोडे पैसे शेजारच्या एका विश्वासू बाईकडे ठेवले. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे तीन क्रमांक तिच्याकडून पाठ करून घेतले. मोबाईलमध्ये लिहून ठेवू नका म्हटले, कारण मोबाईल नवरा पाहत असे. मुलाला सिस्टरांनी समजावले, की भांडण सुरू झाले तर मध्ये पडायचे नाही, शेजारच्या काकूंकडे जायचे. त्याला ते पटायला वेळ लागला.

केसपेपरवर मी तिच्याच शब्दांत लिहिले, ‘नवऱ्याने पट्ट्याने मारले असे सांगते’. वळांची जागा, लांबी, रंग टिपला. घरी न्यायच्या चिठ्ठीवर फक्त औषधे लिहिली. ‘पडल्यामुळे मार’ असे लिहून देण्याची आमची जी सवय आहे, ती फार वाईट आहे. पुढे कोर्टात त्या बाईच्या विरुद्ध आमचाच कागद उभा राहतो.

ते आठ दिवस मला नीट झोप लागली नाही. त्यात काही झाले असते, तर हा लेख मी वेगळा लिहिला असता, किंवा लिहिलाच नसता. आठ दिवस देणे बरोबर होते का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पुढे काय झाले

सातव्या दिवशी तिचा भाऊ आला आणि ती त्याच्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेली. अहवाल भरला गेला, अर्ज कोर्टात गेला. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तिला माहीत नव्हते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून तो मिळाला. मुलाचा तात्पुरता ताबा आईकडे देण्याची, राहत्या घराचे रक्षण करण्याची, एवढेच नव्हे तर छळणाऱ्याला मुलाच्या शाळेत जाण्यास मनाई करण्याचीही या कायद्यात सोय आहे. अर्जावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. साठ दिवस कधीच उलटून गेले. पण पाचव्या आठवड्यात अंतरिम आदेश झाला आणि मुलगा आईपाशी राहिला. केसपेपर घेऊन मलाही जावे लागले. दवाखाना दोन वेळा अर्धा दिवस बंद ठेवावा लागला, यापलीकडे मला काही त्रास झाला नाही. कोर्टाला भिणाऱ्या डॉक्टरांसाठी हे मुद्दाम सांगतो.

मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे येणे बंद केले. ‘डॉक्टर घरं फोडतात’ असे ते पेठेत बोलले आणि चार-सहा कुटुंबे दुसरीकडे गेली. त्याचे फार वाटले नाही. पण त्यांच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत की नाही, हे अधूनमधून मनात येते. तेही माझेच पेशंट होते.

मुंबईत महापालिकेच्या वांद्रे येथील भाभा रुग्णालयात २००० साली ‘सेहत’ संस्थेच्या मदतीने ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. तिथे मार लागून आलेल्या स्त्रीला ड्रेसिंगबरोबर बोलायला माणूसही मिळते. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र असते. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि फोन प्रत्येक दवाखान्याच्या आणि शाळेच्या भिंतीवर लागला, तरी पुष्कळ होईल. शिक्षकांना एवढेच सांगणे की, मूल ठरावीक वारी गैरहजर राहत असेल, तर हजेरीपट आडवा न वाचता उभा वाचून पाहा. शंका आली तर पालकसभेत बोलू नका, बापाला बोलावू नका. आईला एकटीला भेटा. शेजाऱ्यांनी रात्री ओरडा ऐकला आणि जिवाचा धोका वाटला, तर दारावर धडका देत बसण्यापेक्षा ११२ ला फोन करावा.

मुलगा आईबरोबर मामाच्या गावी गेला. तिथे मंगळवारी बाजार चालू असतो आणि वडील तर तिथे नव्हतेच. तरी पहिले दोन महिने त्याचे पोट मंगळवारी दुखत राहिले. आई फोनवर रडली, ‘‘आता का दुखतं डॉक्टर?’’ शरीराला हे कळायला वेळ लागतो, असे मी म्हणालो. त्या समुपदेशक बाईंकडे तो काही महिने जात होता. मग दुखणे विरळ झाले.

आता तो सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर येऊन गेला. सिस्टरांनी त्याला काट्यावर उभे केले. वजन वयाला साजेसे भरले.